वाचक विचारतात : स्टीलच्या हर्ब ग्राइंडरचा चिकटा, आटे आणि गंज

या वेळच्या पत्रांत स्टीलच्या हर्ब ग्राइंडरने बाजी मारली आहे. तळहातावर मावणारी ही डबी. वाळलेला पुदिना, सेज, ओरेगॅनो, लॅव्हेंडर असा पाला आत घालायचा, झाकण फिरवायचं, की चुरा खाली पडतो. भागांची नावं पुढे सारखी येणार आहेत, म्हणून आधी तीच सांगून टाकतो. सगळ्यांत वर दात असलेलं झाकण, त्याच्या मधोमध चुंबक. त्याखाली दातांची ताटली. तिला वर दात आणि चुरा गळायला भोकं. त्याखाली चुऱ्याचा कप्पा, त्याच्या तळाशी बारीक जाळी. सगळ्यांत खाली वस्त्रगाळ भुकटीचा तळकप्पा. झाकण नुसतं ठेवलेलं असतं, बाकीचे भाग आट्यांनी एकमेकांत बसतात. दोनच भागांचा साधा ग्राइंडर असेल, तर जाळीबद्दलचं उत्तर खुशाल सोडून द्या.

प्रश्न : आत तपकिरी, मेणचट थर बसला आहे. गरम पाणी, साबण, घासणी, सगळं करून झालं. वरवरचं निघतं, पण दातांच्या मुळाशी तसंच राहतं. आता काय करावं?

उत्तर : घासणं थांबवा. हा थर म्हणजे मळ नाही, पाल्यातली राळ, मेण आणि सुगंधी तेल आहे, त्यात धुळीसारखा चुरा कालवला गेलेला. ताजा असताना साबणाने निघतो. महिना-दोन महिने हवा लागली की तेलाचा उडणारा भाग उडून जातो आणि उरलेलं व्हार्निशसारखं घट्ट होतं. पाणी त्याला शिवतही नाही. असा थर खरवडण्यापेक्षा गारठवून तडकवणं आणि मग विरघळवणं सोपं जातं.

ग्राइंडर पूर्ण सुटा करा. झाकणाच्या कडेला आत पांढरी नायलॉनची किंवा सिलिकॉनची रिंग असते, ती टूथपिकने हळूच उचलून बाजूला ठेवा. झाकणात पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी असेल तर तो भाग पुढे लागणाऱ्या अल्कोहोलच्या वाटेला जाऊ देऊ नका; ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. सुटे भाग झिप लावलेल्या पिशवीत घालून ३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गारठ्याने राळ काचेसारखी ठिसूळ होते. बाहेर काढल्याबरोबर भाग पांढऱ्या कागदावर उलटा धरून लाकडी चमच्याने मागून टकटक करा, मग कोरड्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी घासा. टवके उडतील. हे काम दोन-तीन मिनिटांत आटपा, कारण गार स्टीलवर हवेतली वाफ धरते आणि चुरा पुन्हा चिकटू लागतो.

उरलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. ७० टक्क्यांचंही चालतं, पण त्यातला उरलेला ३० टक्के भाग पाणीच असल्याने वेळ दुपटीने लागतो. ६ सेंटिमीटर रुंदीच्या ग्राइंडरला रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत १५० ते २०० मिलिलिटर पुरतं. भाग बुडतील इतकं ओता, झाकण लावा, २० ते ३० मिनिटं ठेवा, मधूनमधून बरणी हलवा. द्रव चहासारखा तांबूस झाला म्हणजे राळ सुटतेय. बाहेर काढून टूथब्रशने घासा. दातांच्या खाचेतलं काढायला लाकडी टूथपिक वापरा, सुई नको. पहिल्या द्रवात राळ भरपूर विरघळलेली असते, ती वाळताना परत पातळ थर धरते. म्हणून दुसऱ्यांदा थोड्या ताज्या अल्कोहोलने विसळणं आवश्यक आहे. 'सगळं केलं तरी हाताला चिकटच लागतं' अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते.

शेवटी एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, भांड्यांचं लिक्विड घालून धुवा, साध्या पाण्याने दोनदा विसळा आणि लगेच पुसा. आयसोप्रोपिल पोटात जाण्याची वस्तू नाही, त्यामुळे 'अल्कोहोल काय, उडून जातं' म्हणून ही धुलाई टाळू नका.

आणि आगीबद्दल. शुद्ध आयसोप्रोपिलची वाफ १२ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे घरातल्या नेहमीच्या तापमानाला ती कायम तयारीतच असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून घरंगळत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. खिडकी उघडी, शेगडी बंद, आणि अल्कोहोल गरम करायचं नाही, कितीही हळू केलं तरी.

अल्कोहोल वापरायचंच नसेल तर तेलाने राळ मऊ होते. कोणतंही खाद्यतेल बोटाने थरावर चोळा, १५ मिनिटांनी कागदाने पुसा, मग लिक्विडने दोनदा धुवा. सावकाश होतं, जुन्या थराला दोन-तीन फेऱ्या लागतात, पण होतं.

प्रश्न : अल्कोहोलमध्ये जाड मीठ घालून बरणी हलवली की लवकर स्वच्छ होतं, असं वाचलं. करावं का?

उत्तर : होतं खरं. आयसोप्रोपिलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे खडे खडेच राहतात आणि घासतात. काचेच्या वस्तूला ही युक्ती उत्तम आहे. स्टीलला मात्र मिठातलं क्लोराइड बाधतं: एखादा खडा आट्यात अडकला, पुढे ओला झाला, की तिथेच टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडायला सुरुवात होते. अल्कोहोल आणि टूथब्रश असताना मिठाची गरज नाही.

प्रश्न : चुऱ्याचा कप्पा आणि तळकप्पा एकमेकांत इतके घट्ट बसले आहेत की दोघांनी दोन बाजूंनी धरूनही हलत नाहीत. पक्कड लावू का?

उत्तर : पक्कड नको. दोघांनी धरणंही नको, आणि त्याचं कारण सोपं आहे. कडेने आवळलं की पातळ भिंतीचं कडं किंचित लंबगोल होतं, आणि लंबगोल कडं आतल्या गोल आट्यांना दोन जागी आणखी घट्ट धरतं. जितका जोर, तितकी पकड. डबी रबरी चटईवर ठेवा, तळहात वरच्या भागावर सपाट दाबा आणि मनगटाने फिरवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं, तर जाम कशाने झालंय ते ओळखा. जोर लावल्यावर भाग केसभर सरकून परत जागेवर येत असेल तर आट्यांत राळ आहे. अजिबात सरकत नसेल, किंवा शेवटचं फिरवताना 'कर्र' असा धातूचा आवाज आला होता असं आठवत असेल, तर स्टीलने स्टीलला चावलंय.

राळ असेल तर ३० मिनिटं फ्रीझर, आणि बाहेर काढताच फिरवणं. एवढ्याने न सुटल्यास सांध्यावर ड्रॉपरने गोलाकार १५-२० थेंब अल्कोहोल सोडा. फटीतून ते आपणहून आत ओढलं जातं. १५ मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा, लागल्यास पुन्हा थेंब सोडा. घाई करू नका, दोन-तीन तास लागले तरी चालेल.

पुढचा उपाय उष्णतेचा. त्याआधी अल्कोहोल पाण्याने पूर्ण धुऊन टाका. ज्या भागाचे आटे आतल्या अंगाला आहेत, तो बाहेरचा भाग. फक्त त्याच्याच कडेवर ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी अर्धा मिनिट धारेने सोडा आणि ताबडतोब फिरवा. ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील (ग्राइंडर बहुधा याचेच असतात) दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रोमीटर फुगतं. ६ सेंटिमीटरचं कडं ४० अंशांनी तापलं की त्याचा व्यास सुमारे ०.०४ मिलिमीटरने वाढतो. कागदाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, पण राळेची पकड सोडवायला तेवढं पुष्कळ. अख्खी डबीच गरम पाण्यात बुडवली तर आतलं आणि बाहेरचं दोन्ही सारखंच फुगतं आणि हाती काही लागत नाही.

स्टीलने स्टीलला चावण्याचा प्रकार जरा वेगळा. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडची अतिशय पातळ साय असते. दोन्ही बाजूंचे आटे एकाच जातीच्या स्टीलचे, मध्ये कोरडा चुरा, वर जोर; अशा वेळी ही साय खरवडली जाते आणि उघडा धातू उघड्या धातूला अक्षरशः सांधतो. पुढे रेटलं तर सांधा वाढतच जातो. म्हणून खाद्यदर्जाचं मिनरल तेल (पेट्रोलियमपासून शुद्ध केलेलं, रंग-वास नसलेलं) सांध्यात सोडून रात्रभर ठेवा आणि आधी पुढे केसभर, मग मागे, असं झुलवत सोडवा. सुटल्यावर आट्यांवर उभारलेला बारीक तुसा दिसेल. तो ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून फक्त तेवढ्याच जागी मोडा आणि भाग नीट धुवा. दोनपेक्षा जास्त आटे फाटले असतील तर तो भाग पुन्हा खात्रीचा होणार नाही, बदलून घ्या.

बसवताना एक सवय लावून घ्या. भाग आट्यावर ठेवून आधी उलटा फिरवा. एका जागी 'टक्' करून तो किंचित खाली बसतो. तिथून सुलटा फिरवा. आटा तिरका चढणं याने जवळपास थांबतं. आणि शेवटचा पीळ कधीही देऊ नका. ही पाण्याची बाटली नाही, गळणार नाही.

प्रश्न : जाळीतून भुकटी पडेनाशी झाली आहे. उजेडात धरली तर अर्धी भोकं बुजलेली दिसतात. टाचणीने एकेक भोक मोकळं करू का?

उत्तर : मुळीच नको. अशा जाळीची भोकं साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असतात, टाचणी त्याहून जाड. तारा सरकतात, एक भोक मोठं होतं आणि तिथून जाडा चुरा तळकप्प्यात गळू लागतो. मग जाळी असून नसल्यासारखी.

कप्पा २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून उलटा धरा आणि खालच्या बाजूने मऊ ब्रश फिरवा. चुरा वरून अडकलेला असतो, त्याला आलेल्या वाटेनेच परत ढकलायचं. रंगकामाचा बारीक, मऊ केसांचा ब्रश टूथब्रशहून चांगला. त्यानंतर बशीत ५ मिलिमीटर उंचीपर्यंत अल्कोहोल घेऊन फक्त जाळी बुडेल असा कप्पा १० मिनिटं ठेवा. जाळी गोंदाने चिकटवलेली असेल तर त्याहून जास्त नको. उजेडात धरून पाहा. कडेच्या गोल पट्टीलगतची भोकं शेवटी मोकळी होतात, काही कधीच होत नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही.

अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनीच्या बारीक कंपनांनी पाण्यात वस्तू साफ करणारं यंत्र) जवळ असेल तर जाळीसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही: कोमट पाणी, लिक्विडचे दोन थेंब, ३ ते ५ मिनिटं. त्याच्या टाकीत अल्कोहोल मात्र ओतू नका. यंत्र तापतं, वाफ पेटू शकते.

जाळी मधोमध खोलगट झाली असेल तर समजा कोणीतरी ती बोटाने दाबून साफ करत आलंय. काही ग्राइंडरमध्ये जाळी आट्याच्या कड्याने धरलेली असते, ती वेगळी मिळते. चिकटवलेली असेल तर कप्पाच बदलावा लागतो.

प्रश्न : स्टेनलेस म्हणून घेतला आणि दातांजवळ तांबूस ठिपके आले. फसवणूक झाली का?

उत्तर : लगेच तसं म्हणता येणार नाही. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, सहजी न गंजणारं. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की वर सांगितलेली साय धरते, आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने ती पुन्हा धरते. ग्राइंडर बहुधा ३०४ जातीचे असतात, त्यांत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. तरी ठिपके पडतात त्याची नेहमीची कारणं तीन.

पहिलं आणि सगळ्यांत जास्त दिसणारं: तारेची घासणी. तिच्या साध्या लोखंडाचे बारीक कण स्टीलच्या ओरखड्यांत रुततात आणि ते गंजतात. ग्राइंडर गंजत नसतो, घासणी गंजत असते. दुसरं, क्लोराइड: मीठ, किंवा ब्लीच असलेलं क्लीनर. तिसरं, ओला ग्राइंडर आवळून बंद करून ठेवणं. आट्यांत पाणी कोंडतं, तिथे ताजी हवा पोचत नाही आणि फाटलेली साय परत धरत नाही.

ठिपका बोटाला गुळगुळीत लागला तर तो वरवरचा. खायचा सोडा तीन भाग, पाणी एक भाग अशी पेस्ट मऊ फडक्याने, धातूवरच्या रेघांच्या दिशेने चोळा. नंतर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, ५० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, पाणी ५० ते ६० अंश असू द्या, आणि भाग त्यात २० मिनिटं ठेवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. रुतलेलं लोखंड विरघळून जातं, क्रोमियमला धक्का लागत नाही, आणि धुऊन कोरडं केल्यावर दिवसभरात हवेतच नवी साय धरते. झाकण चुंबकासकट बुडवू नका. तिथे त्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा ठिपक्यावर ठेवला तरी काम होतं.

नखाला खड्डा लागत असेल तर गंज आत गेलाय. तो भरून येत नाही, पण वरच्या उपायाने थांबवता येतो. एक-दोन खड्ड्यांनी ग्राइंडर बाद होत नाही. दातांच्या मुळाशी खड्ड्यांची रांग दिसली तर मात्र वापर थांबवा, कारण दात तुटतो तो तिथूनच.

निळसर-सोनेरी झाक किंवा पांढरे ठिपके दिसत असतील तर तो गंज नाही. पांढरे ठिपके जड पाण्याच्या क्षारांचे असतात. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन १० मिनिटं ठेवलं की ते जातात. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : निर्जंतुक व्हावा म्हणून पाण्यात उकळला. आता चुंबक निसटून हातात आलाय आणि त्याचा जोरही कमी वाटतो.

उत्तर : दोन्ही गोष्टी उकळण्यानेच झाल्या. हे चुंबक निओडिमियमचे असतात, आणि त्यांतली साधी जात ८० अंशांच्या पुढे कायमचा जोर गमावू लागते. गेलेला जोर गार झाल्यावर परत येत नाही. गोंदही तेवढ्याच तापमानाला ढिला पडतो.

निसटलेल्या चुंबकाला ताटली लटकून राहत असेल तर तोच चुंबक चालवून घ्या. चिकटवण्याआधी बाजू ओळखा, कारण ३०४ स्टीलला चुंबक जेमतेमच धरतो आणि म्हणून अशा ग्राइंडरमध्ये झाकणात एक आणि ताटलीत एक असे दोन चुंबक असतात. उलटा चिकटवलात तर झाकण ताटलीवर बसायचं सोडून उडी मारेल. निसटलेला चुंबक ताटलीतल्या चुंबकावर सोडा, तो आपसूक योग्य बाजूने चिकटेल. आता त्याची वर दिसणारी जी बाजू आहे, तिच्यावर मार्करने ठिपका द्या. ठिपक्याची बाजू झाकणाच्या खोबणीत, गोंदाकडे जाणार. खोबणी अल्कोहोलने पुसून कोरडी करा, ४०० नंबरच्या पेपरने हलकी खरबरीत करा, आणि दोन ट्यूबचा, वाळल्यावर अन्नाच्या संपर्काला चालणारा इपॉक्सी अगदी मसुराएवढा लावा. झटपट चिकटणारा गोंद इथे कामाचा नाही. तो कडक आणि ठिसूळ असतो, झाकणाच्या पहिल्या आपटीला सोडतो. वाळायला २४ तास द्या आणि तोवर ताटली दूर ठेवा, नाहीतर ती ओला गोंद सोडवून चुंबक आपल्याकडे खेचून घेईल.

चुंबकावरचा निकेलचा चकचकीत मुलामा कुठे फुटला असेल तर तो वापरू नका. आतला धातू फार लवकर गंजतो आणि भुगा होऊन चुऱ्यात मिसळतो. सुटा चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटल्या जातात, आणि तेव्हा एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं लागतं.

प्रश्न : डिशवॉशरमध्ये टाकला तर?

उत्तर : स्टील टिकेल. गोंद, चुंबक आणि नायलॉनची रिंग यांची खात्री नाही. शिवाय राळ तिथे निघतच नाही, नुसती सगळीकडे पसरते.

प्रश्न : नवा ग्राइंडर पांढऱ्या कापडाने पुसला तर कापड करडं होतं. हे काय आहे?

उत्तर : नव्यात हे अपेक्षित आहे. दात कापताना वापरलेलं तेल आणि पॉलिशचा बारीक लगदा आट्यांत आणि भोकांच्या कडांत राहतो. पहिल्या वापराआधी लिक्विड घातलेल्या कोमट पाण्यात टूथब्रशने दोनदा धुवा, एकदा अल्कोहोलने पुसा. मग मूठभर टाकाऊ वाळला पाला दळून फेकून द्या. उरलीसुरली धातूची कीस असेल तर त्याच्याबरोबर जाते. तो चुरा पांढऱ्या कागदावर पसरून दिव्याखाली तिरक्या नजरेने पाहा. चमकणारं काही दिसलं तर धुणं पुन्हा.

जुन्या ग्राइंडरमध्ये करडेपणा नव्याने येऊ लागला तर दात घासतायत. झाकण रिकाम्या ताटलीवर ठेवून फिरवा; धातूवर धातू खरडल्याचा आवाज आला, तर बहुधा नायलॉनची रिंग झिजली आहे किंवा धुताना परत बसवायची राहिली आहे. रिंगशिवाय झाकण डगमगतं आणि दात समोरच्या दातांना भिडतात. रिंग बदलेपर्यंत तो चुरा खाण्यात किंवा काढ्यात घालू नका.

प्रश्न : आटे सैल चालावेत म्हणून थोडं खोबरेल लावते. काही दिवस बरं चालतं, मग आधीपेक्षा घट्ट होतं.

उत्तर : कोणतंही खाद्यतेल इथे हेच करतं. काही हवेने खवट होतात, काही वाळून चिकट पापुद्रा धरतात, खोबरेल गारव्यात थिजतं. आणि सगळीच चुरा ओढून घेतात. आधी आटे टूथब्रशने कोरडे साफ करून पाहा, बऱ्याचदा आणखी काहीच लागत नाही. लागलंच तर खाद्यदर्जाच्या मिनरल तेलाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन आट्यावर फिरवा आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. पुसल्यावर जे उरतं तेवढंच हवं. शुद्ध मधमाशीचं मेण आट्यांवर एकदा ओढलं तरी चालतं, त्याला चुरा कमी चिकटतो. गंज सोडवायचे स्प्रे अन्नाच्या वस्तूला लावायचे नसतात. दातांना तर काहीच लावू नका.

प्रश्न : दात बोथट झालेत असं वाटतं. पाला दळला न जाता गोळा होऊन फिरत राहतो. दातांना कानस मारून धार लावता येईल?

उत्तर : या दातांना सुरीसारखी धार नसतेच. समोरासमोरच्या दातांच्या फटीतून पाला ओढला जातो आणि चिरडून फाटतो. कानस मारलीत तर फट वाढेल आणि गोळा आणखी मोठा होईल.

खरं कारण पाल्याच्या ओलाव्यात शोधा. पान बोटांत चुरलं की कडकड मोडलं पाहिजे, देठ वाकवला की तुटला पाहिजे. वाकून राहत असेल तर पाला अजून ओला आहे. हवेशीर सावलीत आणखी एक-दोन दिवस ठेवा. भरताना पाऊणच भरा, आणि चुंबकावर मधोमध नव्हे, कडेच्या दातांमध्ये. मध्यावर ओढच नसते. जाड देठ आधी काढा. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या अर्ध्या पुढे, अर्ध्या मागे अशा द्या, मग ८-१० पूर्ण. अगदी बारीक हवा असेल तर डबी उलटी धरून दळा. चुरा भोकांतून लगेच पडत नाही, दातांतच जास्त वेळ फिरतो. बिया, साली, दालचिनी, खडे मीठ यांसाठी ही वस्तू नाही. विजेच्या ग्राइंडरसाठी सांगतात तसा कोरडा तांदूळ घालून 'साफ' करण्याचा प्रयोग हातच्या ग्राइंडरवर करू नका, दाणे दातांत अडकून झाकण जागच्या जागी बसतं.

प्रश्न : पुदिन्यानंतर दुसरं काहीही दळलं तरी पुदिन्याचाच वास.

उत्तर : स्टील वास शोषत नाही. तो दातांवरच्या राळेत, आट्यांत आणि हमखास नायलॉनच्या रिंगेखाली दडलेला असतो. रिंग काढून तिची खोबण अल्कोहोलच्या कापसाने पुसा, वास तिथेच जाईल. रिंगेलाच वास लागला असेल तर ती सोड्याच्या पाण्यात, एका कपाला एक चमचा, रात्रभर ठेवा.

प्रश्न : ग्राइंडर खरंच स्टीलचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे घरी कसं ओळखावं? चुंबक चिकटत नाही.

उत्तर : चुंबकाने निकाल लागत नाही. ३०४ ला तो जवळजवळ धरत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही, जस्ताच्या मिश्रधातूलाही नाही. घनता मोजा. चुंबक आणि जाळी नसलेला भाग घ्या, बहुधा तळकप्पा. तो तोला, समजा ९४ ग्रॅम भरला. आता काट्यावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. भाग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे अडकलेत का पाहा, असतील तर हलवून घालवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या भागाचं आकारमान, समजा १२. ९४ भागिले १२ म्हणजे ७.८. स्टीलची घनता ८ च्या आसपास, जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहा-पावणेसात, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे काटा एखादा ग्रॅम चुकला तरी स्टील आणि ॲल्युमिनियम यांत गफलत होत नाही. जस्ताशी गल्लत होऊ नये म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर बरा.

ॲल्युमिनियम निघालं तर धुण्याचा सोडा आणि डिशवॉशर त्याला अजिबात नकोत, पृष्ठभाग काळा पडतो. अल्कोहोलची पद्धत तशीच चालेल.

प्रश्न : किती दिवसांनी साफ करावा? आणि वापरलेलं अल्कोहोल कुठे टाकायचं?

उत्तर : रोज वापरत असाल तर दर वेळी कोरडा ब्रश, आठवड्याला आट्यांवर ब्रश, महिन्याला अल्कोहोल. लॅव्हेंडर आणि रोझमेरीसारखा तेलकट पाला असेल तर पंधरा दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा हात काय सांगतो ते पाहा: झाकण फिरवायला जोर लागू लागला की वेळ झाली. धुतल्यावर सगळे भाग सुटेच, आटे खाली करून दोन तास वाळवा, मग जोडा.

अल्कोहोल लगेच टाकायची गरज नाही. बरणी रात्रभर न हलवता ठेवली की गाळ तळाशी बसतो. वरचं हलक्या हाताने दुसऱ्या काचेच्या बाटलीत ओता, ठळक अक्षरांत नाव लिहा आणि पुढच्या खेपेला पहिल्या बुडवणीसाठी वापरा. तीन-चार खेपांनी ते गडद तपकिरी होईल आणि राळ सोडवेनासं होईल. तेव्हा जुन्या फडक्यात किंवा कागदात टिपून ते बाहेर मोकळ्या हवेत, ज्योतीपासून आणि मुलांपासून लांब, पूर्ण वाळू द्या आणि मगच कचऱ्यात टाका. ओलं फडकं झाकणाच्या डब्यात टाकलं तर वाफ आत कोंडते.